पणजोबा कोणत्या फौजेत होते?

‘आमचे पणजोबा लढाईवर होते’ एवढं घरात टिकून राहतं. कोणती लढाई, कोणती पलटण, हे मात्र दोन पिढ्यांत पुसलं जातं. मग एखादा नातू मोबाइलवर नाव टाकून शोधतो, काही सापडत नाही आणि विषय तिथेच संपतो. भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात हा शोध नावापासून नव्हे, मुलखापासून सुरू करावा लागतो. ईट निजामाच्या राज्यात होतं. शेजारचं जामखेड आणि बार्शी इंग्रजांकडे. गावचा गडी निजामाच्या फौजेत शिरला की हद्द ओलांडून इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला, यावर त्याचे कागद कुठे शोधायचे ते ठरतं.

इथेच सगळ्यांत मोठा गैरसमज आडवा येतो: ‘हैदराबाद रेजिमेंट म्हणजे निजामाची फौज.’ तसं नाही. १९वी हैदराबाद रेजिमेंट ही इंग्रजांच्या हिंदी लष्करातली. तिचं मूळ जुन्या हैदराबाद कंटिंजंटमध्ये, म्हणजे निजामाच्या पैशावर चालणाऱ्या पण इंग्रजांच्या हाताखालच्या फौजेत होतं, पण १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात सामावून घेतला गेला आणि पुढे तिच्यात कुमाऊँनी, जाट, अहिर अशी उत्तरेकडची भरती वाढत गेली. १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं. केंद्र रानीखेतला आहे. निजामाची स्वतःची फौज वेगळी. पहिल्या महायुद्धात तिचे हैदराबाद लान्सर्स इजिप्त-पॅलेस्टाइनकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात फर्स्ट हैदराबाद इन्फंट्री मलायात होती आणि डिसेंबर १९४१ मध्ये जपानी उतरले तेव्हा कोटा बारूच्या विमानतळाचं रक्षण तिच्याकडे होतं. त्याच मलायाच्या मोहिमेत १९व्या हैदराबादची चौथी बटालियनही लढली. दोन्ही नावांत हैदराबाद, पण धनी वेगळे आणि कागदही वेगळे.

लान्सर्सबद्दल आणखी एक समज आहे. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकावर हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूरची नावं एकत्र आहेत, म्हणून तिघांनीही २३ सप्टेंबर १९१८ रोजी पॅलेस्टाइनमधल्या हैफा शहरावर घोडे घातले असं धरलं जातं. हैदराबादचे स्वार त्याच ब्रिगेडमध्ये होते, पण हैफा घेतलं ते जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी. पणजोबांच्या नावावर न झालेला पराक्रम चढवायची गरज नाही. परक्या वाळवंटात काढलेली वर्षं पुरेशी मोठी आहेत.

निजामाच्या काळातले सरकारी दस्तऐवज हैदराबादच्या तारनाक्याला, तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहेत. त्यांची भाषा उर्दू, जुन्यांची फारसी. कुणबी नोंदींच्या निमित्ताने निजामकालीन कागद कसे वाचतात, कोण वाचून देतं, हे आता मराठवाड्यात पुष्कळांना कळलं आहे. तीच वाट इथेही चालते. आणि आजी ‘लढाई’ म्हणते ती कदाचित महायुद्ध नसेलही. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते हद्दीवरच्या कॅम्पांवर होते आणि सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस ॲक्शन झाली. अशा कॅम्पवरचा माणूस शिपायांच्या यादीत सापडणार नाही. त्याच्यासाठी स्वातंत्र्यसैनिकांच्या फायली पाहायच्या.

‘सगळ्यांची नावं आता इंटरनेटवर आहेत’ असं सांगणारे चुकीचं सांगतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत फक्त मृत आहेत, तेही १९१४ ते १९२१ आणि १९३९ ते १९४७ या काळातले. जिवंत परतलेला माणूस तिथे नसणारच. लाहोरला सापडलेल्या नोंदवह्यांमुळे पंजाबातल्या तीन लाखांहून अधिक शिपायांची माहिती २०२१ मध्ये खुली झाली, पण ती पंजाबची. पलटणींच्या रोजनिशीतही बहुतेकदा अंमलदारांची नावं असतात. शिपाई मेले तर आकडा लिहिलेला असतो.

याहून वेदना देणारी गोष्ट बसऱ्याची आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणींनी फार सोसलं. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही तुर्कांनी घातलेल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेल्या. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रजांची आणि हिंदी अंमलदारांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या. म्हणून ‘स्मारकावर नाव नाही, तर तो लढलाच नसेल’ हा निष्कर्ष साफ खोटा आहे. इंडिया गेटवरही तेरा हजारांच्या आसपास नावं आहेत, आणि पहिल्या महायुद्धात मेलेले हिंदी सैनिक सत्तर हजारांवर होते.

आता घरातलं पदक काढा. राजाचा चेहरा असलेली बाजू सोडा, कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या रुप्याच्या पदकावर कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. राखेने घासू नका, ती अक्षरं झिजतात. तिरप्या उजेडात धरून फोटो घ्या. त्या काळी प्रत्येक पलटणीचे नंबर स्वतंत्र असत, म्हणून नुसता नंबर पुरत नाही. नंबर आणि पलटण ही जोडी लागते. नाव सर्वांत कच्चा पुरावा, कारण भरती करणाऱ्याने कानाला लागेल तसं लिहिलेलं असतं. ईट हे गावाचं नावसुद्धा इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येतं पाहा, म्हणून तालुका आणि जिल्ह्यावरूनही शोधा.

पलटण कळली की थेट तिच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. ‘कागद नष्ट केले’ असं उत्तर येऊ शकतं आणि ते खरंही असतं. पेन्शन न मिळालेल्या शिपायाची सेवेची कागदपत्रं पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. पण लाँग रोल नावाची नोंदवही ठेवलेली असते आणि तिच्यात भरतीची व सुटकेची मूळ माहिती मिळते. लोक पहिल्या उत्तरावर थांबतात. तुम्ही दुसरा अर्ज करा, माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून, आणि त्यात ‘लाँग रोलमधील नोंद’ असे शब्द लिहा. वारसाचा दाखला जोडा.

पेन्शन नव्हती म्हणजे तो पक्का शिपाई नव्हता, असंही म्हणतात. तेही खरं नाही. युद्धापुरते भरती झालेले लाखो जवान १९४५ नंतर, पेन्शनला लागणारी वर्षं भरण्याआधीच, घरी पाठवले गेले.

अर्ज लिहिण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा आणि नंबर, पलटण, बंदराचं नाव, जे आठवेल ते तारखेसह वहीत उतरवून घ्या. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर उशिरा आलं तरी चालेल, ही माणसं तोवर थांबतीलच असं नाही.