थंडीची रात्र आणि आंब्याचे कलम

जव्हारला थंडीत दव पडते, बर्फ काही पडत नाही. मग रोपांना थंडीपासून जपण्याचा हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. पण आता आपल्या पाड्यांतून आंबा-काजूच्या वाड्या उभ्या राहिल्या आहेत. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबाने कलमे लावली, तर ती या आशेने की पुढे कधीतरी भट्टी सुटेल. कलम मेले की भट्टीची वर्षे वाढली, असाच हिशेब आमच्याकडे आहे. आणि नवे कलम पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांतच सर्वांत नाजूक असते.

थंडी वाऱ्याबरोबर येते ही सर्वसाधारण समजूत. परंतु रोपाला खरी घातक रात्र असते ती निवांत आणि निरभ्र. दिवसा तापलेली जमीन व पाने रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असतात. ढग असले तर तीतली बरीचशी परत मिळते. आभाळ मोकळे असले की गेली ती गेली. वारा असता तर वरची उबदार हवा खाली मिसळली असती. तोही नसला की जमिनीलगतची हवा सर्वांत थंड होते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच पेटीत असतो. अशा रात्री गवतावरचे तापमान त्याहून तीन-चार अंशांनी खाली असू शकते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, तेव्हा गावातला पारा शून्याच्या वर असतो, तो यामुळेच.

शिवाय थंड हवा जड. ती पाण्यासारखी उताराने वाहते व खोलगट जागी साचते. म्हणून वरकस जमिनीतले कलम बचावते आणि ओहोळाकाठचे करपते. आपण मात्र पाण्याच्या सोयीसाठी कलमे नेमकी खाली लावतो!

तेव्हा रोपाला आडोसा हवा तो मुख्यतः वरून. चार काठ्या रोवून त्यांवर भाताचा पेंढा घालावा. उत्तर भारतात कलमाला तीन बाजूंनी गवत बांधून आग्नेयेची बाजू उघडी ठेवतात, म्हणजे सकाळचे ऊन आत येते. हा मांडव हिवाळाभर राहिला तरी चालतो. गोणपाट वा जुने लुगडे वापरल्यास ते जमिनीपर्यंत सोडावे, कारण ऊब जमिनीचीच असते. उन्हे आल्यावर ते काढावे. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नये.

ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठविते. म्हणून हंडाभर पाणी मिळाले तरी ते थंडीच्या रात्रीआधी बुंध्याशी द्यावे. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडला पारा दोन अंशांच्याही खाली उतरला. अशा थंडीत तिकडचे बागाईतदार द्राक्षबागांना पाणी देतात आणि पहाटे शेकोट्या पेटवितात. शेकोटीत उपयोग होतो तो आचेचा. धुराचा फारसा नाही. राबासाठी जमविलेला पाला केवळ धुरासाठी जाळणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

एवढे करूनही शेंडा काळा पडला, तर लगेच कोयता लावू नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे. नवी पालवी कोठून फुटते ते दिसल्यावर त्याच्या वरचा वाळलेला भाग तेवढा छाटावा.