डाउन लक्षणसमूह : संशोधनातील सहभाग

डाउन लक्षणसमूह असलेल्या व्यक्तींनी वैद्यकीय, आनुवंशिक, शैक्षणिक वा पुनर्वसनविषयक अभ्यासांत भाग घेणे व त्या सहभागाचे नियमन करणारी नैतिक आणि कायदेशीर तत्त्वे यांचा या विषयात समावेश होतो. या लक्षणसमूहाचे वर्णन जॉन लँग्डन डाउन या ब्रिटिश वैद्यांनी १८६६ मध्ये केले. एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत हे त्याचे कारण झेरोम लझ्यून, मार्त गोत्ये व रेमाँ त्यूर्पँ यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. सर्वसाधारणपणे सु. ७०० ते १,००० जन्मांमागे एका अर्भकात तो आढळतो.

सहभागाची गरज : सु. निम्म्या बालकांत जन्मजात हृदयदोष असतो. अवटू ग्रंथीचे विकार, श्रवणदोष व बालवयातील रक्ताचा कर्करोग यांचे प्रमाणही अधिक असते. आल्झायमर रोगाशी निगडित एक जनुक याच गुणसूत्रावर असल्याने चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत त्या रोगाचे बदल दिसू लागतात. असे असूनही स्मृतिभ्रंशावरील औषधांच्या चाचण्यांतून या व्यक्तींना दीर्घकाळ वगळण्यात आले. इतरांवर ठरविलेली औषधाची मात्रा व सुरक्षितता त्यांना तशीच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही; त्यामुळे वगळणे हेही एका प्रकारे अहितकारकच ठरते.

ऐतिहासिक अनुभव : या व्यक्तींच्या सहभागाचा लाभ सर्व मानवजातीला झाला आहे. बरूच ब्लंबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांना ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ हा रक्तघटक डाउन लक्षणसमूह असलेल्या, संस्थांत राहणाऱ्या व्यक्तींत अधिक आढळला. अशाच एका मुलाच्या रक्तात पूर्वी नसलेला हा घटक १९६६ मध्ये दिसून आला व त्याच सुमारास त्याला यकृतदाह झाल्याचे आढळले. त्यावरून या घटकाचा काविळीशी संबंध उघड झाला. ब्लंबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. याच्या उलट, न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथील शाळेत १९५६ पासून बौद्धिक दिव्यांग मुलांना काविळीचा संसर्ग हेतुपुरस्सर करण्यात आला. पालकांच्या सह्या घेतल्या होत्या. परंतु गर्दीमुळे इतर प्रवेश बंद असताना संशोधन-कक्षाचे दार मात्र उघडे होते. निरुपायाने दिलेली संमती ही मुक्त संमती नव्हे, हा त्यातून मिळालेला धडा होय.

भारतातील नियमन : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या सहाव्या कलमानुसार सुगम साधनांनी घेतलेली मुक्त व माहितीपूर्ण संमती आणि शासननियुक्त समितीची पूर्वपरवानगी यांवाचून कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करता येत नाही. या समितीचे निदान निम्मे सदस्य दिव्यांग वा नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात. पालकांच्या संघटनाही अशा संस्थांत मोडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बालकांच्या बाबतीत पालकांच्या संमतीखेरीज ७ ते १२ वर्षे वयात तोंडी व १२ ते १८ वर्षे वयात लेखी होकार घ्यावा लागतो. अठराव्या वर्षानंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. आवश्यक तेथे राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तथापि पालक नेमला म्हणून त्या व्यक्तीच्या स्वतःच्या इच्छेचे महत्त्व संपत नाही. सहभागातून केव्हाही माघार घेण्याची मुभा असते व संशोधनामुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार मिळणे आवश्यक असते.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव व धुळे जिल्ह्यांत ही तत्त्वे अंमलात आणताना भाषा, अंतर व उपचारांवरील अवलंबित्व या तीन बाबी विचारात घ्याव्या लागतात. येथील अनेक घरांत अहिराणी, लेवा गणबोली, भिली वा पावरी बोलली जाते. प्रमाण मराठीतील लांबलचक संमतिपत्र सही मिळवू शकेल, पण अर्थ पोहोचवील असे नाही. लहान वाक्ये, चित्रे, घरची बोली व ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावणे ही साधने अधिक उपयुक्त होत. वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्षपाती साक्षीदार आवश्यक असतो. मुंबई जळगावपासून लोहमार्गाने सु. ४२० किमी. आहे. तेथील अभ्यासासाठी वारंवार जाणे म्हणजे कापूस वेचणीच्या वा केळीबागेतील मजुरीचे दिवस गमावणे होय. म्हणून प्रवासखर्च व बुडालेली मजुरी यांची भरपाई मार्गदर्शक तत्त्वांना मान्य आहे.

धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व जळगाव येथे २०१८ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे उच्च वैद्यकीय शिक्षणाची केंद्रे जिल्ह्यांतच आहेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या जन्मजात दोषांत डाउन लक्षणसमूहाचा अंतर्भाव आहे. परंतु तपासणी व उपचार हा हक्क आहे, तर संशोधन हे ऐच्छिक आहे. गुणसूत्र-तपासणीसाठी घेतलेल्या काही मिलिलिटर रक्ताचा अभ्यासासाठी वापर करावयाचा असल्यास त्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. नकार दिल्याने उपचारांत उणेपणा येता कामा नये. निष्कर्ष त्या कुटुंबाला समजेल अशा भाषेत परत सांगितले गेले, म्हणजे सहभागी व्यक्ती केवळ अभ्यासाचा विषय न राहता ज्ञाननिर्मितीतील भागीदार ठरते.