घाईने बटण दाबू नका

ऑगस्ट २०१९ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते. पूर ओसरला की गाद्यांबरोबर कॉम्प्युटरही उन्हात ठेवायचा, हा आपला स्वभाव. गादीला ऊन बरे, हार्ड डिस्कला नाही.

डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगते. आपला केस त्याच्या हजारो पट जाड! आत शिरलेला गाळ वाळून चिकटला आणि कुणी ‘चालू होतंय का बघू’ म्हणत बटण दाबले, की तबकडी खरवडलीच. तांदळाच्या डब्यानेही काही साधत नाही. डिस्क विजेला न जोडता, ओल्या फडक्यासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी.

फाईल परत मिळाली तरी एक गोची उरते. उघडावी तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपले डीटीपीवाले बराच काळ श्रीलिपी, आकृतीवरच राहिले. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. म्हणजे फाईल शाबूत असते, नसतो तो फक्त फॉन्ट. तो टाकावा किंवा कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. जोडाक्षरे मात्र डोळ्यांनी तपासावी लागतात.

घरातल्या जुन्या डिस्कवर आजोबांनी टाईप करून घेतलेले सीमाप्रश्नाचे एखादे निवेदन असेल, तर तेही असेच खिचडी होऊन दिसेल. ‘करप्ट’ म्हणून पुसू नका.