जयपूर फूट : माणसाच्या बसण्याउठण्यातून घडलेला पाय

कृत्रिम पाय बसविला की माणूस चालू लागतो, हे अर्धेच सत्य आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास आपल्याकडे मिळणारे पाश्चात्त्य धर्तीचे पाय बुटात घालण्यासाठीच बनलेले होते. घोटा ताठ, टाचेत मऊ गादी. खुर्चीवर बसणाऱ्यास ते पुरेसे होते. पण आपला शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, मजूर उकिडवा बसतो, घरोघरी मांडी घालून जेवण होते आणि मंदिराच्या पायरीशी पादत्राणे काढून ठेवावी लागतात. यांपैकी काहीच त्या पायाने साधत नसे. म्हणून अनेक रुग्ण तो महागडा पाय घरी ठेवून पुन्हा कुबड्या हाती घेत.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना ही अडचण दिसली. तिचे उत्तर मात्र त्यांना एकट्याने सापडले नाही. रुग्णालयात हस्तकला शिकविणारे रामचंद्र शर्मा, अर्थात सर्वांचे ‘मास्टरजी’, हे कारागीर घराण्यातील होते. शालेय शिक्षण बेताचेच, पण साचा कसा घडवावा हे हाताला ठाऊक. ट्रकच्या टायरवर नवे रबर चढविण्याचे काम पाहून त्यांना युक्ती सुचली, असे सांगितले जाते. टाचेत व चवड्यात चपलेच्या तळव्यासारखे हलके स्पंजी रबर, घोट्यापाशी लाकूड आणि त्यांभोवती टायरचे मजबूत रबर अशी रचना साच्यात घालून भाजली. त्यातून त्वचेच्या रंगाचा, बोटे असलेला पाय तयार झाला. तो घोट्यात सर्व बाजूंना वाकतो, पाण्याने खराब होत नाही आणि त्याला बुटाची गरज नाही.

१९६०च्या दशकाअखेर हा पाय सिद्ध झाला. आरंभी तो थोड्याच रुग्णांपर्यंत पोहोचला. १९७५ साली, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, श्री. देवेंद्र राज मेहता यांनी ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ स्थापन केली. पुढे ‘सेबी’चे अध्यक्ष म्हणून व्यापारी जगतास परिचित झालेले हेच मेहताजी. १९६९ मधील अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. समिती हे पाय विनामूल्य बसविते. दूर गावाहून आलेल्या रुग्णाची राहण्या-जेवण्याची सोयही तेथेच होते, कारण मजुरी बुडवून वारंवार फेऱ्या घालणे गरिबास परवडत नाही. सुरुंगांनी पाय गमावलेल्या अफगाण नागरिकांनाही या पायाने उभे केले. १९८१ साली अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन याच पायावर १९८४ मध्ये पुन्हा भरतनाट्यम् नाचल्या.

या संशोधनाचे पेटंट घेतले गेले नाही. त्यामुळे कोणत्याही कार्यशाळेला तो बनविण्याची मोकळीक राहिली. शोध तेथेच थांबलाही नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने स्वस्त कृत्रिम गुडघा तयार झाला आणि ‘टाइम’ नियतकालिकाने २००९ च्या उत्कृष्ट शोधांत त्याची गणना केली.

या कथेची एक बाजू मात्र मनाला बोचते. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला, आणि तो योग्यच होता. पण ज्यांच्या हातांनी साचा घडला, ते मास्टरजी दीर्घकाळ त्या प्रकाशाबाहेरच राहिले.

आपण व्यापारी माणसे. नवा माल आणताना भाव, नफा व उधारी यांचा हिशेब आपण काटेकोरपणे करतो. जयपूरचा हा पाय आणखी दोन प्रश्न विचारावयास शिकवितो. ही वस्तू घेणारा तिच्यासह कसा बसेल, उठेल, राबेल? आणि आपल्याच दुकानात वा कारखान्यात, हिशेबाच्या वहीत केवळ रोजंदारीपुरते नाव असलेला एखादा मास्टरजी तर नाही ना? असल्यास त्याचे म्हणणे ऐकावे आणि त्याच्या कल्पनेचे श्रेय त्याच्या नावावर जमा करावे.