बोंडअळी आणि सामाईक हिताचे अर्थशास्त्र

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे ही वऱ्हाडातील कापसाची जुनी बाजारपेठ होय. या भागातील संसाराचे गणित कापसाच्या बोंडावर अवलंबून असल्याने बोंडअळीचा प्रश्न येथे केवळ कीटकशास्त्राचा राहत नाही. तो अर्थशास्त्राचाही ठरतो.

भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली व 2006 पासून दोन जनुकांचे वाण आले. अळीत प्रतिकारशक्ती वाढू नये यासाठी शेताच्या कडेने बिगर बीटी कपाशीचा पट्टा पेरावा, असा दंडक होता. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर बीटी बियाण्याचे पाकीट त्यासाठीच दिले जाई. या पट्ट्यातील पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्तीचा प्रसार मंदावतो.

परंतु पट्ट्यातील नुकसान एकट्या शेतकऱ्याचे आणि लाभ मात्र साऱ्या शिवाराचा! साहजिकच अनेकांनी तो पेरलाच नाही. डिसेंबरनंतर फरदड ठेवण्याचेही तसेच. चार वेच्यांचे अधिक उत्पन्न धन्याला मिळते. तीवर पोसलेली अळी मात्र पुढील हंगामी शेजाऱ्याच्या शेतात जाते. 2017 मध्ये राज्यात गुलाबी बोंडअळीने थैमान घातले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कीटकनाशकाच्या बाटलीवरील किमतीत ही किंमत कोठेही धरलेली नसते.

उपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला नियमाचा : पेरणी लवकर होऊन अळीला खाद्य मिळू नये म्हणून बियाणे विक्रीची तारीख पुढे नेणे. दुसरा व्यक्तिगत झीज वाटून टाकण्याचा : बिगर बीटी बियाणे त्याच पाकिटात मिसळून देणे, म्हणजे पट्टा टाळण्याचा मोहच उरत नाही. तिसरा सामुदायिक : गावाने एकाच वेळी पऱ्हाटी काढणे, शेतात व जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावणे. सरकीतून अळी टिकून राहत असल्याने बाजारपेठेच्या गावांवर ही जबाबदारी विशेषत्वाने येते.

अमेरिकेत बीटी कपाशी, कामगंध रसायने आणि वंध्य पतंग यांच्या एकत्रित वापराने 2018 मध्ये कापूस पट्ट्यातून या अळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. तेथील शेते मोठी, आपली लहान. म्हणून आपल्याकडे एकट्याचा उपाय अधिकच अपुरा पडतो. बांध शेताची हद्द ठरवितो, पतंगाची नव्हे. शिवार हेच एक शेत मानून पावले उचलली, तरच कपाशीचा खर्च आटोक्यात राहील.