गाडी खाली बसते, भार कण्यावर येतो

दोन दारांची, जमिनीला चिकटून धावणारी स्पोर्ट्स कूपे साकोलीच्या रस्त्यावर क्वचितच दिसेल. तिच्यासारखे दिसण्याची हौस मात्र साध्या हॅचबॅकवरही भागवली जाते. मूळ स्प्रिंग काढून आखूड स्प्रिंग बसवायची. चाक आणि हब यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती, म्हणजे स्पेसर, घालून चाके बाहेर काढायची. गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली येते आणि रुंद दिसते. मग हीच गाडी घरातल्या आजीला डोळे दाखवायला नागपूरला घेऊन जाते. सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास, आणि आजी मागच्या सीटवर.

ते तीन-चार सेंटिमीटर कशासाठी होते, हा प्रश्न गॅरेजमध्ये सहसा विचारला जात नाही. खड्डा आला की चाक वर उचलले जाते. ते उचलायला जागा असेल तर धक्का स्प्रिंगमध्ये जिरतो. जागा संपली की चाकाचा सांधा रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर, आदळतो. त्या क्षणी गाडीला स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. गाडी खाली बसवली की ही जागाच कमी होते, म्हणून आखूड स्प्रिंग मुद्दाम कडक बनवतात. साधी प्रवासी गाडी सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते. चालताना आपले शरीर सेकंदाला साधारण दोनदा वरखाली होते, त्यामुळे असा संथ झोका माणसाला मानवतो. बसलेल्या माणसाचा कणा मात्र सेकंदाला चार ते सहा कंपनांना सर्वांत जास्त साथ देतो. त्या पट्ट्यातला हादरा सीटपेक्षा कण्यात मोठा होऊन पोहोचतो. स्प्रिंग जितकी कडक, तितकी गाडी या पट्ट्याकडे सरकते.

कारखान्यातून खाली बसलेली निघणारी कूपे वेगळी असते. तिची स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि सीट एकमेकांच्या हिशेबाने बनवलेली असतात. गुळगुळीत रस्त्यावर वळण घेताना तिचा फायदाही होतो, कारण गुरुत्वमध्य खाली असतो. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे मूळ स्प्रिंगचेच एक-दोन वेढे कापणे. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. गॅसने कापली तर त्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसतही नाही.

आता स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडायचा असतो. अडीच मीटर अंतरावर पुढची-मागची चाके असलेली गाडी त्याच्या मधोमध आली, तर चारही चाके उंचवट्यावरच असतात. गाडीच्या पोटाखाली उंचवटा चाकांपेक्षा फक्त पाचेक सेंटिमीटर वर येतो. गावोगावी लोकांनी स्वतःच घातलेला हातभर रुंदीचा बांध मात्र दोन चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीने उभा राहतो. खाली बसवलेल्या गाडीचा चेंबर तिथे घासतो आणि आवाज झाला की चालकाला गाडीची काळजी वाटते. मागे बसलेल्याच्या पाठीचा आवाज येत नाही.

दुचाकीवर खड्डा दिसला की माणूस आपोआप पायांवर भार घेऊन बूड उचलतो. गाडीत बसलेल्याचे पाय हे काम करत नाहीत. धक्का बैठकीच्या हाडांतून थेट कण्यात जातो. पुढे बसलेला निदान दोन्ही धुऱ्यांच्या मधोमध असतो. मागची सीट जवळपास मागच्या धुरीवरच येते, शिवाय तिथून समोरचा रस्ता दिसत नसल्याने स्नायू सावधही होत नाहीत. पट्टा नसेल तर माणूस सीटवरून उडतो आणि पुन्हा आदळतो. छाती आणि कंबर जिथे जुळतात, तो बाराव्या पाठीच्या आणि पहिल्या कमरेच्या मणक्याचा भाग अशा वेळी चेपतो. स्पीडब्रेकरवरून उडालेल्या बसच्या मागच्या बाकावरील प्रवाशांमध्ये असे मणके चेपल्याच्या नोंदी तुर्कस्तान आणि चिलेमधील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या आहेत. मासिक पाळी थांबून बरीच वर्षे झालेल्या स्त्रियांची आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ असू शकतात. त्यांना बसच्या उडीइतका धक्का लागतही नाही.

घरी याला ‘उसण भरली’ म्हणतात आणि पाठ रगडून घेतात. उसण साधारणपणे काही दिवसांत ओसरत जाते. धक्क्यानंतर लगेच सुरू झालेली, उठताना-कूस बदलताना भोसकल्यासारखी होणारी आणि मणक्यावर बोट दाबल्यास नेमकी एका जागी दुखणारी पाठ चोळू नये, एक्स-रे काढावा. पायांत बधिरता किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि रुग्णाला आडवे झोपवूनच न्यावे.

स्पेसरचा धोका गाडीबाहेरच्यांनाही असतो. चाक २० मिलिमीटर बाहेर गेले की हबच्या बेअरिंगवर तरफेसारखा जास्त भार येतो. जुनेच बोल्ट ठेवले तर नटाला धरायला आटे कमी उरतात. १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टवर निदान तेवढीच लांबी आट्यांत हवी. दीड मिलिमीटरच्या आट्याला म्हणजे पूर्ण आठ फेरे. दोन-तीन फेऱ्यांतच नट आवळला गेला, तर ती गाडी महामार्गावर नेऊच नये. धावत्या गाडीचे निखळलेले चाक सायकलवरच्या माणसाला काय करते, हे अपघात विभागातल्या कोणालाही विचारावे.

कायद्याचेही भान असावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

हौस करून झालीच असेल, तर मूळ स्प्रिंग भंगारात दिल्या नसल्यास त्या परत बसवून घ्याव्यात आणि स्पेसर काढावेत. तोवर आजीला पुढच्या सीटवर बसवावे, पाठ टेकवून, पट्टा लावून. आणि बांध आला की गाडी जवळजवळ थांबवूनच उतरवावी.