नारायणगावात जन्मली क्लाउनफिशची पिल्लं

काल मंचरची भाची टाकीपाशी उभी राहून विचारत होती, "मामा, यातली आई कोणती?"

मोठी ती मादी. पण क्लाउनफिश जन्मतः मादी नसतातच. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो. ती मेली की तिचा जोडीदार नर मादी बनतो!

हे मासे समुद्रातले, पण आपल्या जुन्नर तालुक्यात समुद्राचं पाणी कुठलं? मी आरओच्या पाण्यात सागरी मीठ कालवतो. विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६-२७ अंश.

जोडीनं मातीच्या कुंडीवर अंडी घातली. नर पंखांनी सतत पाणी हलवतो, खराब अंडी काढून टाकतो. केशरी अंड्यांत आठवड्याभरात चंदेरी डोळे चमकू लागतात. मग दिवे मालवल्यावर, अंधारातच ती फुटतात.

खरी परीक्षा पुढचे १० दिवस. पिल्लांना खायला जिवंत रोटिफर, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, लागतात; नंतर आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे इवले जीव. रोटिफर आधी वाढवून ठेवले नव्हते म्हणून माझी पहिली सगळी पिल्लं गेली. फार वाईट वाटलं. यंदा २२ जगली, अंगावर पांढरे पट्टेही आलेत.

मासे घ्याल तर हॅचरीतलेच घ्या, प्रवाळातून पकडलेले नकोत. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास होते.

जुन्नर-आंबेगावात कुणाला सुरुवात करायची असेल तर विचारा. रोटिफरचं विरजण माझ्याकडून न्या.